दुसऱ्या राज्याचा सबपीना इथे कसा लागू होतो? अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खटला एका राज्यात आणि कागद किंवा साक्षीदार दुसऱ्याच राज्यात, असं अमेरिकेत सर्रास घडतं. नोकरीपायी माणसं ओहायोतून न्यू जर्सीत आणि तिथून कॅलिफोर्नियात जातात, पण जुनी भांडणं जुन्या काउंटीतच राहतात. त्यामुळे हे प्रश्न येत राहतात. ज्या शब्दांत आले, जवळपास त्याच शब्दांत ठेवले आहेत. तपशील राज्यागणिक बदलतो, म्हणून पाऊल टाकण्यापूर्वी त्या राज्याचे चालू नियम आणि आपला वकील या दोघांनाही विचारा.

१. सबपीना म्हणजे आपलं समन्सच ना?

नाही. हा घोळ आपल्या भाषेमुळे होतो. भारतात प्रतिवादीला येतं ते समन्स आणि साक्षीदाराला येतं तेही समन्स. अमेरिकेत समन्स प्रतिवादीला जातं: तुमच्यावर दावा झालाय, उत्तर द्या. सबपीना मात्र बहुतेक वेळा खटल्याबाहेरच्या माणसाला किंवा संस्थेला जातो: तुमच्याकडे माहिती आहे, ती द्या. समन्सकडे दुर्लक्ष केलं तर एकतर्फी निकाल लागतो. सबपीनाकडे केलं तर कोर्टाच्या अवमानाचं प्रकरण होऊ शकतं.

सबपीनात तीन गोष्टी मागता येतात: शपथेवर जबानी (इथे तिला डिपॉझिशन म्हणतात), कागदपत्रं, किंवा एखाद्या जागेची पाहणी. आणि हो, उच्चार ‘सपीना’. मधला ‘ब’ फक्त लिहिण्यापुरता.

२. देश एकच आहे ना? मग ओहायोच्या कोर्टाचा कागद न्यू जर्सीत का चालत नाही?

कारण राज्याच्या कोर्टाची हुकमत राज्याच्या वेशीपर्यंतच असते. भारतात नाशिकचं दिवाणी कोर्ट आणि म्हैसूरचं दिवाणी कोर्ट एकाच दिवाणी प्रक्रिया संहितेवर चालतात. त्या संहितेच्या कलम २८ नुसार एका राज्याचं समन्स दुसऱ्या राज्यातल्या कोर्टाकडे बजावणीसाठी पाठवता येतं. अमेरिकेत पन्नास राज्यांच्या पन्नास स्वतंत्र न्यायव्यवस्था आहेत. ओहायोचा न्यायाधीश न्यू जर्सीतल्या त्रयस्थ माणसाला ‘हजर हो’ म्हणू शकत नाही, आणि तो माणूस आला नाही तर त्याला अवमानाची शिक्षाही देऊ शकत नाही.

म्हणून तो कागद न्यू जर्सीत नव्याने जन्माला घालावा लागतो. पुढची सगळी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

३. मग तो इथे ‘जन्माला घालायचा’ कसा?

बहुतेक राज्यांनी एकच ठरावीक पद्धत स्वीकारली आहे. राज्यांसाठी एकसारखे कायदे सुचवणाऱ्या युनिफॉर्म लॉ कमिशनने २००७ मध्ये एक नमुना कायदा मंजूर केला. वकील त्याला आद्याक्षरांनी ‘यूआयडीडीए’ म्हणतात. कॅलिफोर्नियाचं रूप २०१० पासून, न्यूयॉर्कचं २०११ पासून लागू झालं. न्यू जर्सीने २०१४ मध्ये कोर्टाच्या नियमांतून ते आणलं. मॅसॅच्युसेट्ससारखी राज्यं वर्षानुवर्षं बाहेर राहिली. तिथे क्लार्कऐवजी न्यायाधीशाकडे अर्ज करायचा जुना रस्ता असतो.

पद्धत अशी. खटला जिथे चालू आहे तिथला सबपीना घ्यायचा. साक्षीदार किंवा कागद ज्या काउंटीत आहेत तिथल्या कोर्टाच्या क्लार्ककडे तो द्यायचा. क्लार्क त्याच मजकुराचा स्थानिक सबपीना काढून देतो. न्यायाधीशासमोर जायचं नाही, सुनावणी नाही, नवा दावा नाही. आणि नुसती ही विनंती केल्याने तुम्ही त्या राज्याच्या कोर्टात ‘हजर झालात’ असंही धरलं जात नाही.

यापूर्वी काय हाल होते ते जुन्या वकिलांना विचारा. आधी आपल्या कोर्टाकडून कमिशन (जबानी नोंदवण्याचा अधिकार) किंवा विनंतीपत्र मिळवायचं, मग दुसऱ्या राज्यात वकील नेमायचा, त्याने तिथे वेगळं प्रकरण दाखल करायचं, न्यायाधीशाचा आदेश घ्यायचा. एका बँकेच्या खातेउताऱ्यासाठी दोन राज्यांत दोन वकिलांची बिलं.

४. क्लार्ककडे नेमकं काय काय द्यायचं?

मूळ सबपीना किंवा त्याची खरी प्रत, आणि त्या राज्याच्या नमुन्यात भरलेला स्थानिक सबपीना. त्यात मूळ सबपीनातल्या मागण्या जशाच्या तशा याव्यात. खटल्यातल्या सगळ्या वकिलांची नावं, पत्ते, फोन आणि ज्या पक्षकाराला वकील नाही त्याचाही तपशील हवा. सोबत फी.

कॅलिफोर्नियात अर्जाचा फॉर्म एसयूबीपी-०३०. व्यावसायिक नोंदी मागायच्या असतील तर एसयूबीपी-०३५, प्रत्यक्ष जबानीसाठी एसयूबीपी-०४०, जबानी आणि कागद दोन्ही हवे असतील तर एसयूबीपी-०४५. लोक ०३० भरून थांबतात आणि सोबतचा सबपीना कोराच पाठवतात. तो परत येतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे मागणी ‘सुधारणे’. मूळ सबपीनात २०२१ ते २०२३ चे उतारे मागितले असतील तर स्थानिक कागदावर २०१९ पासूनचे मागता येत नाहीत. जास्त हवं असेल तर मूळ राज्यातूनच नवा सबपीना आणा.

५. माझा वकील ओहायोचा आहे. कॅलिफोर्नियाची सनद नसताना त्याला हे करता येईल का?

क्लार्ककडे अर्ज करण्यापुरतं येईल. कायद्याचा हेतूच तो होता. वकील नसेल तर तुम्ही स्वतःही अर्ज करू शकता. पण साक्षीदाराने हरकत घेतली आणि प्रकरण न्यायाधीशासमोर गेलं (प्रश्न ११), की तिथे उभं राहायला स्थानिक सनद किंवा त्या कोर्टाची खास परवानगी लागते.

उलट, स्थानिक वकील आधीच गाठला तर क्लार्कची पायरीसुद्धा गाळता येते. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत तिथला सनदधारक वकील परराज्याच्या सबपीनावरून स्वतःच्या सहीने स्थानिक सबपीना काढू शकतो. तारीख तोंडावर असेल तर माझं मत असं, की क्लार्कच्या रांगेत वाचलेल्या पैशांपेक्षा वकिलाची एक सही स्वस्त पडते.

६. बजावणी पोस्टाने केली तर चालेल का? आणि साक्षीदाराला पैसे द्यावे लागतात का?

बजावणीला नियम लागतात ते साक्षीदाराच्या राज्याचे. तुमच्या राज्यात पोस्टाने चालत असेल, पण इथे हातोहात द्यावा लागत असेल, तर हातोहातच. बहुतेक जण स्थानिक प्रोसेस सर्व्हर, म्हणजे कोर्टाचे कागद बजावणारा माणूस, नेमतात.

साक्षीभत्ताही स्थानिक दराने. कॅलिफोर्नियात दिवसाला ३५ डॉलर आणि जाण्यायेण्याच्या प्रत्येक मैलाला २० सेंट. फेडरल (केंद्राच्या) कोर्टात दिवसाला ४० डॉलर आणि प्रवासखर्च. रक्कम चहापाण्याची वाटते, पण चेक जोडला नाही म्हणून अख्खी बजावणी वादात सापडू शकते.

७. हे सगळं व्हायला किती दिवस धरायचे?

क्लार्कचे दिवस आणि स्थानिक नियमांचे दिवस वेगवेगळे मोजा. कॅलिफोर्नियात व्यावसायिक नोंदींसाठी दिलेली तारीख सबपीना काढल्यापासून किमान २० दिवस आणि बजावल्यापासून किमान १५ दिवस, यातली जी उशिराची असेल तिच्या आधीची असू शकत नाही. एखाद्या व्यक्तीचे बँकेचे किंवा दवाखान्याचे कागद असतील तर त्या व्यक्तीलाही आगाऊ नोटीस द्यावी लागते: कागद देण्याच्या तारखेच्या किमान १० दिवस आधी आणि बँकेवर सबपीना बजावण्याच्या किमान ५ दिवस आधी. ही नोटीस विसरली की बँक कागद देत नाही, आणि ते बरोबरच आहे. न्यू जर्सीत कागद मागणारा सबपीना किमान १० दिवस आधी साक्षीदारावर आणि सोबतच सगळ्या पक्षकारांवर बजवायचा असतो.

पुरावे गोळा करण्याची मुदत संपायला दोन महिने उरले असतील तर आजच सुरुवात करा. तीन आठवडे उरले असतील तर आधी आपल्या कोर्टाकडे मुदतवाढ मागा.

८. कंपनीचा रजिस्टर्ड एजंट आमच्याच राज्यात आहे. मग एवढा खटाटोप कशाला? त्याच्यावरच सबपीना बजावतो.

रजिस्टर्ड एजंट म्हणजे कोर्टाचे कागद स्वीकारायला कंपनीने त्या राज्यात नेमलेला प्रतिनिधी. हा शॉर्टकट सगळ्यांनाच सुचतो. व्हर्जिनियात गालिचे धुणाऱ्या हदीद कंपनीने येल्पवर आलेल्या वाईट अभिप्रायांवरून निनावी लोकांविरुद्ध दावा लावला आणि त्यांची ओळख पटवण्यासाठी येल्पच्या व्हर्जिनियातल्या रजिस्टर्ड एजंटवर सबपीना बजावला. येल्प होती कॅलिफोर्नियाची, नोंदीही तिकडेच. खालच्या कोर्टाने येल्पला अवमानासाठी दोषी धरलं. पण २०१५ मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं: कंपनी खटल्यात पक्षकार नाही आणि कागद राज्याबाहेर आहेत, तेव्हा इथल्या कोर्टाला ते मागवण्याचा अधिकार नाही. एजंट आहे म्हणजे कंपनीवर दावा लावता येईल, पण त्रयस्थ कंपनीचे परराज्यातले कागद ओढून आणता येतीलच असं नाही.

काही मोठ्या बँका स्थानिक शाखेतून आलेला परराज्याचा सबपीना स्वखुशीने मान्य करतात. विचारून बघायला हरकत नाही. पण नकार आला तर वाद घालण्यात आठवडे घालवू नका, प्रश्न ३ मधल्या वाटेने जा.

९. मला एडिसनच्या पत्त्यावर थेट इलिनॉयच्या कोर्टाचा सबपीना आलाय. न्यू जर्सीचा काहीच उल्लेख नाही. फाडून टाकू?

फाडू नका. न्यू जर्सीतून काढलेला नसेल तर त्रयस्थ साक्षीदार म्हणून तो तुमच्यावर सहसा सक्तीने लागू करता येत नाही. पण आधी दोन गोष्टी तपासा. एक, खटला राज्याच्या कोर्टातला आहे की फेडरल कोर्टातला? फेडरल असेल तर गणित वेगळं (प्रश्न १५). दोन, तुम्ही स्वतः त्या खटल्यात पक्षकार आहात का? असाल तर तुमच्यासाठी सबपीनाची गरजच नसते, साधी नोटीस पुरते.

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर पाठवणाऱ्या वकिलाला चार ओळींचं पत्र पाठवा की हा न्यू जर्सीतून काढलेला नाही. गप्प बसण्यापेक्षा ते बरं. आणि मागितलेले कागद, ईमेल डिलीट करू नका. वाद सबपीनाचा असतो, पुरावा नष्ट केला की तो तुमचा होतो.

फोनवर कुणी ‘सबपीना निघालाय, गिफ्ट कार्डने पैसे भरा’ म्हणालं तर ती लबाडी आहे. कोर्ट गिफ्ट कार्ड घेत नाही.

१०. रीतसर न्यू जर्सीचा सबपीना आलाय. जबानीला मला इलिनॉयला जावं लागेल?

नाही. वकिलांनी तुमच्याकडे यायचं, किंवा सगळ्यांनी व्हिडिओवर. न्यू जर्सीत राहणाऱ्या साक्षीदाराला राहत्या, नोकरीच्या किंवा धंद्याच्या काउंटीत, नाहीतर तिथून २० मैलांच्या आत राज्यातच बोलावता येतं. कॅलिफोर्नियात हे अंतर घरापासून ७५ मैल. आपल्याकडच्या दिवाणी संहितेतही अशी वेस आहे: साक्षीदार कोर्टाच्या स्थानिक हद्दीबाहेर राहत असेल तर १०० किलोमीटरच्या आत, रेल्वे किंवा बसची सोय असेल तर ५०० च्या आत, आणि विमानभाडं दिलं तर त्याहून लांबूनही.

११. मागितलेले कागद भलतेच खाजगी आहेत. हरकत कुठे घ्यायची?

तुमच्या स्वतःच्या राज्यात, जिथे जबानी किंवा कागद द्यायचे आहेत त्या काउंटीच्या कोर्टात, आणि त्याच राज्याच्या नियमांनुसार. सबपीना रद्द करा, मर्यादित करा, कागद गोपनीय ठेवण्याचा आदेश द्या, यातलं काहीही मागता येतं. समोरच्याला सक्ती करून हवी असेल तर त्यालाही तुमच्याच कोर्टात यावं लागतं. साक्षीदाराला दूरच्या कोर्टात खेटे घालायला लावू नयेत, हा या कायद्याचा सर्वात चांगला भाग आहे.

न्यूयॉर्कची एक खोच लक्षात ठेवा. तिथे त्रयस्थाला सबपीना देताना ‘तुमच्याकडूनच ही माहिती का हवी’ याचं कारण नोटिशीत लिहावं लागतं. बनावट वाइनवरून कॅलिफोर्नियात चाललेल्या दाव्यासाठी न्यूयॉर्कच्या लिलावदाराला सबपीना गेला होता. त्यात २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्सने, दोन्ही बाजू सांगितल्या. मागणाऱ्याने कारण द्यायला हवं. पण एकदा दिलं की माहिती अगदीच गैरलागू आहे हे दाखवण्याचा भार हरकत घेणाऱ्यावर. नुसतं ‘मला त्रास होतो’ म्हणून भागत नाही.

१२. माझा एच-१बी आहे. सबपीना आल्याने व्हिसाला धोका आहे का?

दिवाणी खटल्यात साक्षीदार असणं म्हणजे आरोप नव्हे, अटक तर नव्हेच. व्हिसाच्या अर्जात अटक आणि शिक्षेबद्दल विचारतात, साक्षीबद्दल नाही. धोका आहे तो घाबरून दुर्लक्ष करण्यात, किंवा शपथेवर खोटं बोलण्यात. जबानीतल्या उत्तरामुळे स्वतःवरच गुन्हा येईल अशी शंका असेल तर मात्र एक शब्दही बोलण्याआधी वकील गाठा. त्यावर इथे काही सांगणं योग्य नाही.

१३. घटस्फोटाच्या खटल्यात नवऱ्याचे ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज थेट कंपनीकडून मागवता येतील?

मजकूर मिळणार नाही. १९८६ चा फेडरल कायदा अशा कंपन्यांना ग्राहकांच्या संदेशांतला मजकूर उघड करायला मनाई करतो आणि दिवाणी सबपीना त्याला अपवाद नाही. तुम्ही कॅलिफोर्नियातून कितीही बिनचूक सबपीना काढा, उत्तर नकाराचंच येईल. खातं कुणाचं आहे अशी माहिती मिळू शकते. मजकूर हवा असेल तर खातेदाराकडे, म्हणजे नवऱ्याकडेच, खटल्यातून मागणी करा. तो पक्षकार आहे, सबपीना लागतच नाही. त्याने दिला नाही तर तुमचाच न्यायाधीश त्याच्याकडे बघून घेईल.

दवाखान्याच्या कागदांसाठी सबपीनासोबत रुग्णाला नोटीस दिल्याचा किंवा गोपनीयतेच्या आदेशाचा लेखी भरवसा द्यावा लागतो. व्यसनमुक्तीच्या उपचारांच्या नोंदी तर रुग्णाची संमती किंवा कोर्टाचा आदेश असल्याशिवाय सहसा हलत नाहीत.

१४. साक्षीदाराला थेट ट्रायलच्या (अंतिम सुनावणीच्या) दिवशी आमच्या कोर्टात बोलावता येईल का?

दिवाणी खटल्यात, या मार्गाने नाही. हा कायदा ट्रायलपूर्वीच्या पुराव्यांपुरता आहे. म्हणून जाणते वकील परराज्यातल्या साक्षीदाराची जबानी व्हिडिओवर नोंदवून घेतात आणि ट्रायलला तीच दाखवतात.

फौजदारी खटल्यात मात्र बोलावता येतं. १९३० च्या दशकातला एक वेगळाच एकरूप कायदा त्यासाठी आहे आणि तो सर्व राज्यांत लागू आहे. ज्या कोर्टात खटला आहे तिथला न्यायाधीश प्रमाणपत्र देतो, साक्षीदाराच्या राज्यातला न्यायाधीश सुनावणी घेतो. साक्ष खरोखर आवश्यक आहे का आणि जाण्याने साक्षीदाराला अवाजवी त्रास होईल का, हे पाहून तो जायचा हुकूम देतो. साक्षीदाराला सक्तीने दुसऱ्या राज्यात पाठवणं घटनेत बसतं, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये ठरवलं. तरीही ते आपोआप होत नाही. कोलोरॅडोतल्या ऑरोरा चित्रपटगृहातल्या गोळीबाराच्या खटल्यात फॉक्स न्यूजच्या न्यूयॉर्कच्या पत्रकार जेना विंटर यांना सूत्रांची नावं सांगण्यासाठी बोलावलं होतं. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्ट ऑफ अपील्सने नकार दिला. पत्रकाराच्या सूत्रांना संरक्षण हे न्यूयॉर्कचं पक्कं धोरण आहे, तेव्हा ते मोडण्यासाठी आपल्या पत्रकाराला पाठवणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

१५. खटला फेडरल कोर्टात असेल तर?

तर प्रश्न ३ ते ५ विसरा. फेडरल दिवाणी प्रक्रिया नियमांतल्या नियम ४५ नुसार, २०१३ च्या दुरुस्तीनंतर, सबपीना खटला चालू असलेल्या कोर्टाच्याच नावाने निघतो आणि देशात कुठेही बजावता येतो. त्रयस्थाला बोलावण्याची मर्यादा घर, नोकरी किंवा नेहमीच्या धंद्याच्या जागेपासून १०० मैल. कागद द्यायला लेखी हरकत १४ दिवसांत घ्यायची, किंवा कागद देण्याची तारीख त्याआधी असेल तर तिच्या आत.

१६. क्लार्क नाही म्हणू शकतो का?

कागद पूर्ण असेल तर सहसा नाही. पण तीन ठिकाणी अडतं. व्हर्जिनियाचा कायदा परस्परतेवर आहे: तुमचं राज्य व्हर्जिनियाच्या सबपीनाला अशीच सोय देत असेल तरच तेही देणार, आणि तसं लिहून द्यावं लागतं. दुसरं, सबपीना कोर्टाचा हवा. लवादाने काढलेला या कायद्यात बसत नाही, त्याचा रस्ता वेगळा. तिसरं अलीकडचं: २०२२ मध्ये कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कने गर्भपातासंबंधीच्या परराज्यातल्या कारवायांसाठी असे सबपीना काढण्यावर बंधनं घातली. अपवादांना अपवाद आहेत, त्यामुळे तो विषय असेल तर कलम शब्दशः वाचा.

१७. साक्षीदार पुण्यात आहे, किंवा उलट, खटला पुण्यात आणि कागद न्यू जर्सीत. हाच मार्ग?

दोन्हीकडे नाही. या कायद्यातलं ‘परराज्य’ म्हणजे अमेरिकेचीच राज्यं, प्रदेश आणि मान्यताप्राप्त आदिवासी जमाती. कॅलिफोर्नियाने तेवढं परदेशांनाही त्यात घेतलं आहे.

खटला पुण्यात असेल तर इथल्या फेडरल जिल्हा कोर्टात अमेरिकी कायदेसंहितेच्या शीर्षक २८, कलम १७८२ खाली अर्ज करता येतो. माणूस त्या जिल्ह्यात राहत किंवा सापडत असला पाहिजे आणि पुरावा परदेशी न्यायाधिकरणासाठी हवा. खाजगी लवादासाठी हे चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

खटला इथे आणि साक्षीदार पुण्यात असेल तर कोर्टाकडून विनंतीपत्र घ्यावं लागतं. पुरावे मिळवण्याविषयीच्या हेग करारात भारत २००७ पासून आहे, पण अमेरिकी पद्धतीने ट्रायलआधी ढीगभर कागद मागवायला त्याने नकार कळवलेला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ७८ आणि आदेश २६ खाली उच्च न्यायालय परदेशी कोर्टासाठी साक्षीदाराची जबानी नोंदवायला कमिशन नेमू शकतं. वेळ महिन्यांत मोजा, आठवड्यांत नको. आणि पुण्याला परतलेली व्यक्ती खटल्यात पक्षकारच असेल, तर यातलं काहीही लागत नाही. साधी नोटीस पाठवा. ती हजर झाली नाही तर इथला न्यायाधीश तिच्या दाव्यावर किंवा बचावावर कारवाई करू शकतो.